बाबाचं बोट कुठं होतं

जोतीरामाचं पत्र हिंदुराव गुरुजींनी महिनाभर पंचांगात दाबून ठेवलं होतं. निरवांगीच्या या जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं होतं, 'वडील हिवतापानं खंगलेत. बळबाबा म्हणतात, डॉक्टरांचं कोयनेल सोडा, अंगारा घ्या. काय करू? दोन ओळी लिहा.' गुरुजींनी चारदा लिहिलं, चारदा फाडलं. आपण थोडेच डॉक्टर? सांगितलेलं चुकलं तर?

आता तोच बळबाबा गुरुजींच्या गावात, जळोचीत उतरला होता. चिंचेखाली सकाळपासून ही गर्दी. कुणी म्हातारं लेकाच्या पाठुंगळी आलेलं, कुणी बैलगाडीत आडवं पडून. गुरुजी सगळ्यांच्या मागे अंग चोरून उभे होते.

बाबानं गुरुजींच्या शेजारणीला, रंगूबाईला पुढं घेतलं. तापानं ती पार काडी झाली होती.

"हात पसर, म्हातारे. ताठ धर." बाबानं दोन बोटांनी तिचं मनगट दाबलं. हात खाली पडला. "बघा. डागदराच्या पुडीनं आतलं बळ चाटून खाल्लं." मग चिमूटभर अंगारा तिच्या जिभेवर. "आता धर. चढलं बळ, पायापासनं शेंडीपातूर चढलं."

"शेंडी हाय व्हय हिला?" पैलवान आप्पा पुटपुटला. लोकांनी त्याला दटावलं.

बाबानं पुन्हा दाबलं. हात हलला नाही. रंगूबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. कनवटीची कोयनेलची पुडी काढून तिनं बाबाच्या पायाशी ठेवली.

ती पुडी पाहिली आणि गुरुजींचा पाय पुढं पडला.

"रंगूबाई," त्यांनी विचारलं, "अडकित्त्यात सुपारी कुठं धरता?"

"खिळ्यापाशी. टोकाला धरून फुटंल व्हय, या हातानं? एवढं बी ठावं न्हाय तुमाला?"

लोक हसले.

"बाबांना ठाऊक आहे. आधी त्यांनी मनगट दाबलं, नंतर कोपराच्या वर. खांदा म्हणजे हाताचा खिळा. त्याच्याजवळचा भार हात पेलतो, लांबचा पेलत नाही. अंगारा पोटात गेलाय ना? आता धरा हात."

गुरुजींनी मनगट दाबलं. हात पडला. कोपराच्या वर दाबलं, तर राहिला. सगळे इतका वेळ बाबाच्या तोंडाकडं बघत होते, बोटांकडं कुणीच नाही.

"संशय आला की बळ पळतं," बाबा म्हणाला.

"मग मनगटातनंच कसं पळतं, बाबा?" आप्पानं विचारलं.

रंगूबाईनं वाकून आपली पुडी उचलली.

गर्दी पांगताना जोतीरामाचा चुलतभाऊ सिद्धू गुरुजींजवळ आला. "हेच महिन्यामागं निरवांगीला सांगायचं व्हतं, गुरुजी. जोतीरामाचं वडील, गेणबाकाका, गेलं. त्यांचा तेरावा परवा झाला. आता त्याची आई, प्रयागकाकू, तापानं कुडकुडतीया. ती बी अंगाराच खाती."

चुकू नये म्हणून गुरुजी गप्प बसले होते, आणि एवढी मोठी चूक त्यांच्या हातून जन्मात झाली नव्हती.

ते तडक बारामतीच्या टपालकचेरीत गेले. तिथं त्या काळी कोयनेलच्या पुड्याही विकत मिळत. दोन घेतल्या, आणि उभ्या उभ्या लिहिलं:

'जोतीराम, तू विचारलंस आणि मी गप्प राहिलो. तू स्वतःला दोष देऊ नकोस, तो माझा आहे. आईला आजच डॉक्टरकडे ने. पुड्या पाठवतो, त्यांना विचारून दे. अंगारा दिल्यावर तिचा हात तू स्वतः दाबून बघ, मनगटाशी आणि कोपराच्या वर. माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस, करून बघ. कुणी बळ देतो म्हणाला, तर आधी त्याचं बोट कुठं आहे ते पाहावं.'

या वेळी त्यांनी ते पुन्हा वाचलं नाही. पाकीट पेटीत टाकलं. टपाल निघायला अवकाश होता; ते निघेपर्यंत गुरुजी तिथंच बाकावर बसून राहिले.