गॅरेजमध्ये न जाणारे दिवे

"दिवे तर लागतायत की, मावशी," वायरमन म्हणाला आणि त्याने बटण खटखट करून दाखवलं.

आक्कांच्या डोक्यात तिडीक गेली. लागतायत हे त्यांनाही दिसत होतं.

उभा जन्म त्यांनी शाळेची बस चालवली होती. आक्का हे नाव बसमधल्या पोरांनीच पाडलेलं, पुढे सगळ्यांनी उचललं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही घरगाडी घेतली. आत पलंग, इवलासा ओटा, फ्रीज, एक माणूस कसाबसा मावेल अशी मोरी. मनात आलं की किल्ली फिरवायची आणि निघायचं. पण अलीकडे गाडीला भलतीच खोड लागली होती. संध्याकाळी पुस्तक घेऊन पलंगावर जरा टेकावं, तर कधी कधी फट्‌कन दिवे जात, फ्रीज मुका होई. वैतागून उठावं, तर सगळं पुन्हा सुरू, जणू काही घडलंच नाही. आणि गॅरेजमध्ये आणली की हिच्यासारखी गुणाची गाडी शोधून सापडायची नाही!

जावईबापूंना हे आयतंच कोलीत मिळालं होतं. "आई, आज शेवटचं दाखवू," ते म्हणाले होते. "बिघाड सापडला तर गाडी ठेवा. नाही सापडला तर विकून टाकू आणि तुम्ही आमच्याकडे राहायला या." आक्कांनी रागाच्या भरात "चालेल" म्हणून टाकलं. जावयांनी लगेच आजच गिऱ्हाईकही बोलावून ठेवलं. एवढी घाई त्यांनी स्वतःच्या लग्नातही केली नव्हती.

गॅरेजला यायचं म्हणून आक्कांनी सकाळी दरवेळेसारखी आवराआवर केली होती. गादी गुंडाळून बांधली, चादरी वरच्या कपाटात कोंबल्या. परक्या पुरुषांसमोर आपलं अंथरूण उघडं टाकायचं म्हणजे काय! वायरमननेही दरवेळेसारखी आल्या आल्या पलंगाची फळी उचलून बाजूला टेकवली होती, कारण बॅटरी तिच्याच खाली होती. मग त्याने वायरी हलवल्या, फ्यूज काढून पुन्हा बसवले, मीटर लावून पाहिलं. सगळं ठणठणीत.

"होतं असं कधी कधी वयामुळे," तो फळी खाली टाकत समजुतीच्या सुरात म्हणाला. "बटण आपणच बंद करतो आणि विसरतो."

"वयामुळे?" आक्कांचा आवाज चढला. "अरे, बसभर पोरांतलं कोण उतरायचं राहिलंय, ते मला मागे वळून न बघता कळायचं! आणि मी बटण विसरते?"

"आई, उगाच त्रास करून घेऊ नका," जावई दारातून म्हणाले. "जाणकार माणूस सांगतोय ना."

"आई, ऐक ना गं," लेकीने री ओढली.

आक्कांनी गादीची दोरी सोडली आणि गादी फळीवर धाडकन आपटली. वरच्या कपाटातून उशी ओढून काढली.

"हे काय चाललंय?" लेक म्हणाली.

"झोपतेय. माझं घर आहे. बिघाड सापडेपर्यंत मी इथून उठायची नाही. गिऱ्हाईकाला म्हणावं, म्हातारीसकट घे!"

त्या आडव्या झाल्या आणि कुणाचं तोंडही बघायला नको म्हणून फणकाऱ्याने भिंतीकडे वळल्या.

दिवे गेले. फ्रीजची घरघर थांबली.

"बघा!" आक्का ताडकन उठून बसल्या. दिवे आले.

वायरमनच्या चेहऱ्याचा रंग बदलला. "मावशी, परत झोपा."

आक्का झोपल्या. दिवे तसेच.

"असं नाही, मघासारखं! रुसून!"

आक्का भिंतीकडे वळल्या. अंधार.

"आता अजिबात हलू नका!" म्हणत वायरमन बाहेर धावला. मागचं सामानाचं झाकण उघडून त्याने टॉर्चसकट आत मुंडी घातली. आक्कांना पाठीखालून त्याचा आवाज आला. "सापडलं! फळी या कडेला खचलीय. तुम्ही भिंतीकडे सरकलात की ती बॅटरीच्या जाड वायरीला दाबते, आणि वायरीचा बोल्ट ढिला आहे, तो सुटा होतो. मी दरवेळी आधी फळी उचलायचो. दाबच निघून जायचा, मग दिसणार काय, कपाळ?"

"आणि मी गादी गुंडाळून आणायचे," आक्का भिंतीला म्हणाल्या. स्वतःच्याच टापटिपीचा त्यांना भयंकर राग आला.

वायरमनने बाहेरूनच बोल्ट आवळला, वायर कडेने फिरवून घेतली, फळीखाली आधाराची पट्टी ठोकली. आक्का या कुशीवरून त्या कुशीवर लोळल्या. दिवे ढिम्म हलले नाहीत.

"मघाचं ते वयाचं परत घे," त्या म्हणाल्या.

"घेतलं, मावशी. कान पकडतो."

"झकास!" जावयांनी टाळी वाजवली. "आता गिऱ्हाईकाला छातीठोकपणे सांगता येईल, गाडीत काही दोष नाही म्हणून."

आक्का बघतच राहिल्या. "आपलं काय ठरलं होतं?"

"ते झालंच हो. पण चालू आहे तोवर विकलेली बरी. आज वायर निघाली, उद्या आणखी काही निघेल."

"निघेल ना! माझे गुडघेही रोज कुरकुरतात. तेही काढा विकायला!"

लेक फिस्सकन हसली.

"तू हसू नकोस, तूही त्यातलीच. उतरा खाली, दोघंही."

"आई, आता जाणार कुठे?"

"ठरवेन वाटेत."

दोघं उतरली. आक्कांनी दार ओढून घेतलं, पुढच्या सीटवर बसून आरसा नीट केला. आरशात पलंगावरची पसरलेली गादी आणि चुरगळलेली उशी दिसली. ते आवरायला हात शिवशिवले, पण त्यांनी किल्ली फिरवली.

फाटकापाशी एक अनोळखी गृहस्थ आत शिरत होते. त्यांनी हात केला. "बाई, ती विकायची घरगाडी कुठे बघायला मिळेल?"

आक्कांनी काच खाली केली.

"मागून बघा," त्या म्हणाल्या आणि गाडी रस्त्यावर घेतली.