अंदाजाचं माप

"टेप कुठाय?" मुनीराने तिसऱ्यांदा विचारलं आणि काउंटरचा शेवटचा खण ओढून पाहिला. त्यात स्टेपलरच्या पिना, एक तुटकी जपमाळ आणि दोन वाळके खजूर निघाले.

"टेप नाही," बदरुद्दीन म्हणाला. "कधीच नव्हती."

"बायकांच्या कपड्यांचं दुकान, आणि टेप नाही?"

बदरुद्दीनने छताकडे पाहिलं. एकोणीस वर्षं तो सौदीतल्या अल-खोबर शहरातल्या या दुकानात बायकांचे आतले कपडे विकत होता. परक्या पुरुषाने हातात टेप घेऊन गिऱ्हाइकाच्या दिशेने नुसतं पाऊल टाकलं असतं, तरी त्याची रवानगी आधी पोलिसात आणि मग विमानात झाली असती. म्हणून तो अंदाजाने माप सांगायचा. नजर खाली ठेवायची, गिऱ्हाइकाची चप्पल बघायची, पर्स धरलेलं मनगट बघायचं आणि फळीवरून डबा काढायचा. या कलेचा त्याला भारी अभिमान होता आणि तो कुणापुढे मिरवता येत नाही याचं दुःखही होतं. श्रीवर्धनजवळच्या त्याच्या गावात बदरुद्दीनचं 'रेडिमेडचं काम' आहे एवढंच लोकांना ठाऊक होतं. गावी गेला की मशिदीत त्याला पहिल्या रांगेत जागा मिळायची, आणि ती त्याला टिकवायची होती.

आता सरकारने नियम काढला होता. बायकांचे असले कपडे बायकाच विकतील, आणि त्याही सौदी बायका. ज्यांना नवरा नाही, आधार नाही, अशा बायकांच्या हाताला काम मिळावं हा त्यामागचा हेतू. मुदत संपायला दोन महिने होते. तेवढ्यात बदरुद्दीनने नव्याने लागलेल्या मुनीराला तयार करायचं होतं आणि स्वतः बाजूला व्हायचं होतं. एकटा पुरुष आणि एकटी बाई दुकानात नको, म्हणून मालकाची म्हातारी बहीण रोज दाराशी खुर्ची टाकून पहारा द्यायची. ती बसल्यापासून पाचव्या मिनिटाला घोरायला लागायची.

दुसऱ्या दिवशी मुनीरा स्वतःची टेप घेऊन आली. नुसती टेप नाही. तिने घरून जुना पडदा आणला होता. मागच्या गोदामातली खोकी एका बाजूला रचून, दोरी बांधून तिने कोपऱ्यात ट्रायल रूम उभी केली. काळ्या नकाबातून तिचे फक्त डोळे दिसायचे, पण ती काम करताना खूश आहे हे त्या डोळ्यांवरून कळायचं.

"ट्रायल रूमला परवानगी नव्हती इथे," बदरुद्दीन म्हणाला.

"तू होतास म्हणून नव्हती. आता मी आहे," ती म्हणाली.

बदरुद्दीनला राग आला. आणि खरं सांगायचं तर त्याला तिच्या चुका हव्याच होत्या. त्या होत्याही. ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, हा रंग घेऊ नकोस, दोन धुण्यांत जाईल. एका बाईला तिने काहीही न विकता परत पाठवलं. बदरुद्दीन मनातल्या मनात खूश झाला. दुसऱ्या दिवशी तीच बाई आपल्या तीन बहिणी आणि एक सासू घेऊन आली.

त्याच्या अरबीवर मुनीरा मनसोक्त हसायची. बदरुद्दीन अरबी शिकला ती सगळी बायकांच्या तोंडून, त्यामुळे तो मालकापासून पोलिसापर्यंत सगळ्यांशी बायकांशी बोलावं तसं बोलायचा. मराठीत हवालदाराला 'काय गं, कुठे निघालीस?' म्हणावं, तसा प्रकार. आजवर हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मुनीराने सांगितलं, आणि पुरुषांशी बोलायची क्रियापदं त्याच्याकडून रोज दहा-दहा वेळा घोकून घेतली.

महिना उलटल्यावर बदरुद्दीन काउंटरखालचा मोठा खोका रिकामा करायला वाकला. हा परत आलेल्या मालाचा खोका. घट्ट झालं, सैल झालं म्हणून बायका जे बदलून न्यायच्या ते त्यात पडायचं. दर आठवड्याला तो गच्च भरायचा. परत येणं हा धंद्याचाच भाग, असं तो धरून चालला होता.

खोक्यात एकच पाकीट होतं, आणि तेही त्यानेच पहिल्या आठवड्यात विकलेलं.

तो तसाच वाकलेला राहिला. बदलायला आलेल्यांची संख्या त्याला माहीत होती. पण बदलायला न आलेल्या? लाजेखातर, किंवा गाडीने सोडणारं घरी कुणी नाही म्हणून? एकोणीस वर्षं अर्ध्या खोबरच्या बायका त्याच्या अंदाजापायी आवळलेल्या किंवा ढगळ कपड्यांत वावरल्या असतील, आणि एकीनेही चकार शब्द काढला नव्हता. त्याचे कान तापले.

"काय शोधतोस?" मुनीराने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला आणि खोका पायाने आत सरकवला.

त्याच संध्याकाळी मालकाने, म्हणजे अबू माजिदने त्याला गाडीत बसवून घेतलं. बदरुद्दीनचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवानाही त्याच्याच हातात. माणूस वाईट नव्हता. नव्या गोष्टींचा त्याला कंटाळा होता, इतकंच.

"मी तोड काढलीये," अबू माजिद म्हणाला. "कागदावर मुनीरा. काउंटरला माझी बहीण. आणि खरं काम मागच्या खोलीतून तू. मुनीराला सांग, घरी बस, अर्धा पगार दर महिन्याला पोचेल. तिच्या येण्याजाण्याच्या टॅक्सीचा खर्च वाचतो, तिचंही नुकसान नाही."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर मला सांग, तिला काम जमत नाही. तुझ्याच शब्दावर तिला पक्कं करायचंय ना? दुसरी एखादी शोधू, नावापुरती. तू इथेच राहशील."

तू इथेच राहशील. बदरुद्दीनला रात्रभर दुसरं काही ऐकू आलं नाही. त्याचं वय त्रेपन्न. मुलगी अरवा बारावीला होती, तिला फार्मसीला जायचं होतं. गावी परतून करायचं काय?

सकाळी त्याने मुनीरासमोर मालकाचं म्हणणं मांडलं. म्हातारी घोरत होती. मुनीरा पाकिटांना चिठ्ठ्या लावत होती, तिने हात थांबवला नाही.

"घरी बसून दुसऱ्याचं घेणं मला येतं," ती म्हणाली. "नवऱ्याने सोडल्यापासून आठ वर्षं तेच करतेय. धर्मादाय संस्थेचा तांदूळ, तेल. भावाच्या घरातली वरची खोली. तांदळाचं पोतं देणारा दर महिन्याला विचारतो, अजून लग्न का केलं नाहीस. पोतं हवं असेल तर ऐकून घ्यावं लागतं."

तिने एक चिठ्ठी अंगठ्याने दाबून चिकटवली.

"परवा माझ्या धाकटीने शाळेत सांगितलं, माझी आई दुकान चालवते. खोटंच सांगितलं, दुकान तर तू चालवतोस. पण मला इतकं बरं वाटलं, बदर, की काय सांगू. मी नाही घरी बसणार. अबू माजिदला सांग."

"तो तुला काढेल."

"कशावरून? मला काम येत नाही?"

दुपारच्या नमाजासाठी दुकान बंद झालं, तेव्हा त्याने गावी फोन लावला. त्याच्या बायकोने, कुबराने पहिल्या रिंगला उचलला.

"काय म्हनते ती नवी बाय?" तिने विचारलं. "जमता हाय का तिला?"

"नाय जमत," बदरुद्दीन म्हणाला. जीभ किती सहज वळली, याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"अल्लाचे उपकार. मंग तुमची नोकरी ऱ्हायली." कुबरा हसली, आणि मग जरा वेळाने म्हणाली, "पन बिचारी. पोरा हायत काय तिला?"

"तीन."

"हम्म," कुबरा म्हणाली. मग तिने आंब्याचा विषय काढला.

संध्याकाळी तो अबू माजिदच्या ऑफिसात गेला. चहा आला. बदरुद्दीनने पेल्याला हात लावला नाही.

"काय म्हणते?"

"घरी बसणार नाही म्हणते."

"मग? काम जमत नाही ना तिला?"

बदरुद्दीनने वाटेत वाक्य तयार केलं होतं. तीनच शब्दांचं होतं ते: तिला जमत नाही. तो बोलायला लागला आणि भलतंच बोलून गेला.

"खोका रिकामा आहे, अबू माजिद. परत आलेल्या मालाचा. महिन्यात एक पाकीट आलं, तेही मी विकलेलं. माझ्या वेळी दर आठवड्याला भरायचा, तुम्ही पाहिलाय. ती माझ्यापेक्षा चांगली आहे. थोडी नाही, पुष्कळ. तुम्ही तिला काढलं तर मूर्खपणा होईल."

अबू माजिदने चहाचा पेला खाली ठेवला. "बदर, तू आज माझ्याशी पुरुषासारखा बोललास," तो म्हणाला. "क्रियापदं सगळी बरोबर."

"तिनेच शिकवली."

"तुला कळतंय ना तू काय केलंस?"

"हो."

"खलास," अबू माजिद म्हणाला आणि बदरुद्दीनच्या पासपोर्टची फाइल जवळ ओढली.

मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशीचं बदरुद्दीनचं विमान होतं. निघण्याआधी तो टॅक्सीने दुकानापाशी आला. काचांना आतून कागद लावले होते, आतलं काही दिसत नव्हतं. दारावर नवी पाटी होती: फक्त महिलांसाठी. त्याने घंटी वाजवली. दार वीतभर उघडलं आणि मुनीराचे डोळे दिसले.

"मी निघालो," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "अबू माजिदने सांगितलं मला. तू काय बोललास ते सगळं सांगितलं."

"त्याला पोटात काही ठेवता येत नाही."

मुनीराने नकाबाच्या कडेने डोळे पुसले. बदरुद्दीनलाही गलबलून आलं आणि ते लपवायला तो म्हणाला, "पाच मिनिटं आत येऊ का? एकोणीस वर्षांचं दुकान. एकदा बघून जातो."

तिने मागे वळून पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

"नाही," ती म्हणाली. "ट्रायल रूममध्ये बाई आहे."

बदरुद्दीन एकदम पायरीवरून खाली उतरला. आतून कुणीतरी हाक मारली, "अगं, याहून एक नंबर मोठा दे!" मुनीराने हात छातीवर ठेवला, मान लववली आणि दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला. तो फुटपाथवर उभा राहून हसायला लागला, इतका, की टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारलं, "क्या हुआ, चाचा?"

"कुछ नहीं," बदरुद्दीन म्हणाला. "अंदर जाने नहीं दिया."

आणि बॅग मांडीवर घेऊन तो ऐटीत पुढच्या सीटवर बसला.