पेटंट आणि चिंचा

बायजाबाईंची तक्रार साधी होती: सून कणीक नासवत होती. पोळ्या करताना कोणाच्या हातून चिमूटभर सांडली तर ते वेगळं. ही बाई परात भरून घट्ट कणीक मळायची, गल्लीतल्या पोरांना ओट्यावर बसवायची आणि एकेकाच्या हातात गोळा द्यायची. "दोन्ही हातांनी धर. दाब. आता सोड." बोटांचे खड्डे पडलेले ते गोळे मग सुपात वाळत पडायचे, आणि त्यांना हात लावायची कोणाची टाप नव्हती.

"अन्नाचे मुटके करून वाळवून राहिली वं ही!" बायजाबाई अख्ख्या इंदोरा वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. "मुंग्या पोसाच्या आहेत का?"

प्रेमिला हसायची आणि गोळे उचलून आतल्या खोलीत न्यायची. कडी लावून घ्यायची. हे तर त्याहून वाईट. बायजाबाईंच्या घरात आजवर दिवसाढवळ्या कोणी कडी लावली नव्हती.

प्रेमिला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केलेली. त्या वर्षी नागपुरात टीव्हीवरच्या खेळांचं खूळ आलं होतं, आणि सीताबर्डीवरच्या एका दुकानातली मोडकी हँडलं दुरुस्तीला तिच्याकडे यायची. हँडल म्हणजे हातात धरून खेळ चालवायची डबी. एका बाजूला दांडी, दुसऱ्या बाजूला बटण. चौकोनी, धारदार कोपऱ्यांची. पोरांच्या तळहातावर घट्टे पडायचे, बोटं आखडायची, मग ती चिडून दांडीच उपटायची. प्रेमिलानं अशी कितीतरी हँडलं जोडून दिली. एक दिवस ती नवऱ्याला, रविंद्रला, म्हणाली, "डबी आधी केली अन् हात मंग आठवला कंपनीवाल्यायले. मी हातापासून सुरू करतो."

बायजाबाईंना हे कळलं ते एका दुपारी. कडी काढून प्रेमिलानं त्यांना आत बोलावलं आणि काळी, गुळगुळीत अशी एक वस्तू त्यांच्या ओंजळीत ठेवली. दोन्ही बाजूंना उतरत गेलेली, मधे बारीक. बायजाबाईंनी काही केलं नाही; बोटं आपणच जिथल्या तिथं जाऊन बसली. अंगठ्याखाली बटण आलं. संधिवातानं वाकडी झालेली त्यांची करंगळीसुद्धा तक्रार न करता टेकली. आयुष्यभर खुरपं, मुसळ, बादली असं सगळं त्यांनी धरलं होतं, पण त्यांचा हात ओळखणारी वस्तू ही पहिली.

"हे कणकेचं?"

"कणकेवरून. सगळ्या हातांचे खड्डे जुळवले."

बायजाबाई ताडकन उठल्या. पदर सारखा केला. "चाल. सगळ्या गल्लीले दाखवतो. बोलत होत्या ना माह्या सुनेले!"

प्रेमिला दारात आडवी उभी राहिली. "नाही आई. पेटंट करून राहिलो."

पेटंट म्हणजे पेटंट औषध, खोकल्याची बाटली, एवढंच बायजाबाईंना ठाऊक. प्रेमिलानं समजावलं, की कलकत्त्याच्या सरकारी कचेरीत या आकाराची नोंद करायची. नाव लागेल प्रेमिलाचं, मग दुसऱ्या कोणाला तो काढता येणार नाही. पण अर्जाचा नंबर येण्याआधी वस्तू बाहेर दिसली, तर सरकार म्हणेल यात नवं काय, आणि हक्क गेला. वकिलानं बजावलं होतं. पोरांनी हातात धरली ती नुसती कणीक. वस्तू कोणी पाहिली नव्हती.

"दिवस गेले की आपण तीन महिने सांगत नाही ना कोणाले? तसंच."

हे मात्र बायजाबाईंना एका झटक्यात कळलं.

आणि सगळ्यात जास्त जपायचं होतं ते त्यांच्या नणंदेपासून. सिंधूताईंच्या मुलाचा, आनंदरावचा, कळमेश्वरला प्लास्टिकचा कारखाना होता. बादल्या, मग, डबे. कोणाचाही माल एकदा पाहिला, की आठवड्यात त्याचा साचा तयार. सिंधूताई आल्या त्या नेमक्या त्याच आठवड्यात. चहा बशीत ओतता ओतता त्यांनी कडी लावलेल्या दाराकडे पाहिलं.

"सून काय करून राहिली वं वहिनी आत?"

"काम."

"कामच करते म्हना ते. सात वर्षं झाली, दुसरं तर काही दिलं नाही घराले." सिंधूताईंनी फुंकर मारली. "माह्या रविंद्राचं नशीबच फुटकं."

बायजाबाईंच्या जिभेवर त्या काळ्या वस्तूचं वर्णन येऊन उभं राहिलं. एक हाक मारली असती, दार उघडलं असतं आणि नणंदेचं तोंड चहाच्या बशीत पडलं असतं. पण दार उघडायचं नव्हतं, आणि गप्प बसायची सवय नव्हती.

"सिंधू, या घरात नवं काही येऊन राहिलं," त्या फणकारल्या. "पण तीन महिने तोंड उघडाचं नाही म्हून गप्प बसलो. तू बी बस!"

सिंधूताईंची बशी हातातच राहिली. डोळे भरून आले. चहा तसाच टाकून त्या उठल्या, आणि संध्याकाळपर्यंत प्रेमिलाला दिवस गेल्याचं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

बाया आल्या. चिंचा आल्या, आवळे आले. कोणी धंतोलीतल्या बाईडॉक्टरचं नाव सांगितलं, कोणी जड उचलू नको म्हणून दटावलं. प्रेमिला दारात उभी. तिनं एकदा सासूकडे पाहिलं. बायजाबाईंना वाटलं, आता ही ओरडेल, आणि ओरडायला हवंच. प्रेमिलानं एक चिंच उचलली आणि सगळ्यांसमोर चोखली.

बाया गेल्यावर बायजाबाई चुलीशी येऊन उभ्या राहिल्या. "नाही म्हून सांगून टाकू का?"

"मंग खोलीत काय हाय ते विचारतील."

"विचारतीलच."

"तर नंबर येईपर्यंत खातो चिंचा." प्रेमिला हसली. मग पाठ फिरवून बराच वेळ तेच एक पातेलं घासत राहिली.

त्या पाठीकडे पाहताना बायजाबाईंना नवल वाटलं. सात वर्षं बाया हिला टोमणे मारत होत्या. ते एक वेळ झेलता येतात. पण न आलेल्या सुखाबद्दल रोज डोक्यावरून हात फिरवून घ्यायचा आणि "हो मावशी" म्हणायचं, याला काय लागतं? आपण दुसऱ्याच दिवशी कोणाच्या तरी झिंज्या धरल्या असत्या. ही पोरगी रोज दुपारी आशीर्वाद घ्यायची, आत जायची, आणि वकिलानं मागितलेली चित्रं काढायची: वस्तू समोरून, मागून, वरून, कडेनं. एकदा कलकत्त्याहून कागद परत आले, रेषा बारीक म्हणून. तिनं पुन्हा काढली. सगळी, ठळक रेषांनी.

अर्जाचा नंबर आला त्या दिवशी बायजाबाईंनी स्वतः जाऊन नणंदेला आणलं. ओट्यावर गल्लीतल्या बायाही होत्या. सिंधूताईंच्या हातात वस्तू ठेवली. त्यांची बोटं बसली, चेहरा पाहण्यासारखा झाला.

"हे होतं आत," बायजाबाई म्हणाल्या. "सरकारदरबारी लागलं, प्रेमिलाच्या नावानं. तुह्या आनंदरावले म्हन, बादल्याच काढ."

"म्हंजे दिवस नाहीत?" सिंधूताई चिरक्या आवाजात म्हणाल्या. "अन् आम्ही आवळे वाहून राहिलो! फसवलं वं तुम्ही! अशी कशी सून, साऱ्या गल्लीले बनवते?"

प्रेमिलाचा चेहरा उतरला. सगळ्या बायजाबाईंकडे पाहू लागल्या.

बायजाबाईंनी नणंदेच्या हातातली वस्तू काढून घेतली. त्या सुनेकडे वळल्या.

"प्रेमिला, तू वागाले वाईट हायेस. सासूले न विचारता करतेस, अन् विचारलं तर अर्धं सांगतेस. पन डोकं तुयं अस्सल हाय, अन् छाती त्याहून मोठी. आजपासून कोणी काही बोललं, तर माह्याकडं पाहाचं नाही, तूच ऐकवाचं. आतापर्यंत या घरात एकच तोंड चालत होतं. आता दोन चालतील. घे, कर सुरू. तुही आतेसासू इथंच बसली हाय."