मधला की धाकटा

जाऊबाईंनी डबा भरून लाडू पाठवले, तेव्हाच विमलाने ओळखलं की गावात आपल्या पाठीमागे काहीतरी ठरलं आहे.

अकरा वर्षांच्या संसारात आनंदीबाईंकडून काय काय आलं, ते तिला तोंडपाठ होतं. दोनदा आमसुलं, एकदा बरका फणस, तोही एका बाजूने लिबलिबीत झालेला. आणि टोमणे मात्र येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर. त्या बाईने तुपातले बेसनाचे लाडू, वर एकेक काजू लावून पाठवावेत, म्हणजे बदल्यात काहीतरी भलंमोठं घेतलेलं असणार.

"वहिनीनं मुद्दाम केले. तुझ्यासाठी," आत्माराम चपला काढता काढता म्हणाला.

"का? मी काय केलं?"

आत्माराम एकच चप्पल काढून थांबला.

पोफळीच्या वीजगृहात तो ऑपरेटर होता. तासातासाला काट्यांवर नजर टाकायची आणि आकडा लिहायचा. बारा वर्षांत एक आकडा चुकला नव्हता. घरात मात्र बायकोशी काय ठरलं, हे दुसऱ्या तासाला त्याच्या लक्षात राहत नसे.

आणि ठरलं होतं ते काही फार नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले, त्यानंतर दोघांनी कॉलनीतल्या ह्याच खोलीत बसून तीन गोष्टी नक्की केल्या होत्या. मूल आणायचं ते पुण्याच्या संस्थेतून. मुलगी आणायची. आणि ती घरी येईपर्यंत गावात चकार शब्द काढायचा नाही. तिसरी गोष्ट आत्मारामचीच. "दादाला कळलं तर विचका होईल," हे त्याचे शब्द. मग स्वारी शिमग्याला गावी गेली, पालखीला खांदा दिला, आणि दादाला सगळं सांगून आली.

"सांगितलंत," विमला म्हणाली.

"तसं नाही. दादानं विचारलं, पुढं काय ठरवलंस? मग देवळात उभं राहून खोटं कसं बोलू?"

"देवळात? देवळात कशाला गेला होतात?"

आता दुसरी चप्पल निघाली. आत्माराम पाटावर बसला आणि खाली बघत म्हणाला, "दादानं कौल लावला. देवीनं दिला."

विमलाला कौल काही नवा नव्हता. तिच्या माहेरीही गुरव देवीच्या दोन अंगांना ओल्या कळ्या चिकटवी, गाऱ्हाणं घाली, आणि कोणत्या बाजूची कळी आधी पडते त्यावर लोक विहिरी खणत, लग्नं जमवत. म्हणूनच तिने कौल काय मिळाला ते विचारलं नाही.

"गाऱ्हाणं काय घातलं?"

"म्हणजे?"

"रघू गुरवानं देवीला विचारलं काय? शब्दाला शब्द सांगा."

"हेच की... आत्मारामाच्या ओटीत दादाचा मधला घालावा की धाकटा."

"आणि?"

"धाकट्याची कळी पडली."

विमलाने लाडवांच्या डब्याचं झाकण असं दाबून बसवलं की शेजारच्या क्वार्टरमध्ये आवाज जावा.

"मधला की धाकटा! मिरच्या साध्या देऊ की लवंगी, तसं? आणि मुलगी? ती कुठल्या कळीत होती?"

"ती... विचारायची राहिली."

"राहिली! तासाला आकडा लिहिता, आणि एवढंच राहिलं?"

"अगं, पोरगा गुणी आहे. आठ वर्षांचा आहे. आपल्या रक्ताचा आहे."

"गुणी असेलच. त्याचा काय दोष? पण त्याला आई आहे. शाळेतून आला की तो माझ्याकडे कशाला बघेल, तो गावच्या एस.टी.कडे बघेल. मला आई असलेलं मूल नको आहे. मला ज्याला आई नाही ते हवं आहे. एवढं साधं तुमच्या दादाला नाही कळत की कळून घ्यायचं नाही?"

कळून घ्यायचं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. आत्मारामच्या वाट्याची आंब्याची चाळीस कलमं दादाच्या कुंपणाला लागून होती, आणि कुंपण हलवण्यापेक्षा पोरगा हलवणं सोपं होतं.

रविवारी दादा स्वतः आले. धोंडू दादा म्हणजे आवाज न चढवता माणूस दाबणारे. सोबत आनंदीबाई, नव्या लुगड्यात, विहीण असल्यासारख्या.

"काय गो विमल, लाडू आवडले?" त्यांनी बसता बसता विचारलं.

"अजून चाखले नाहीत, जाऊबाई. कशाचे आहेत ते आधी कळू दे म्हटलं."

दादा हसले. "पोराला आणलं नाही अजून. चांगला दिवस बघून आणू. देवीचा शब्द आहे, आता मागं-पुढं नाय."

"देवीचा शब्द मी कशाला मोडू, भावोजी? तिनं चोख उत्तर दिलंय. मधल्यापेक्षा धाकटा बरा. पटलं मला. पण घ्यावा की नाही, हे तिला विचारलं कुणी?"

"तोंड बघा हिचं!" आनंदीबाई म्हणाल्या. "कुणाचं कोण, कुठल्या जातीचं, कुणी टाकलेलं, ते चालंल. आणि माझं पोर नको!"

"तुमचं आहे ना? म्हणूनच नको."

दादांनी पानाचा डबा काढला, सावकाश चुना लावला आणि म्हणाले, "बरं. तुझं म्हणणं खोटं नाय. चुकलं आमचं. मग चला गावी, तुझ्यासमोर गाऱ्हाणं घालू. मुलगी आणावी की न आणावी. देवी देईल तो कौल दोघांनी मानायचा. झालं?"

"हे बरं आहे," आत्माराम चटकन म्हणाला. इतका सुटल्यासारखा म्हणाला की विमलाच्या डोक्यात तिडीक उठली. दादांचा तिला राग होता. पण दादा निदान स्वतःसाठी भांडत होते. हा माणूस भांडायला नको म्हणून मुलगी एका ओल्या कळीवर टांगायला तयार होता. डावी, नकाराची कळी पडली तर? तर हा हात जोडून म्हणणार, देवीची इच्छा.

"भावोजी, कौल कधी लावतात?"

"शंका असली म्हणजे."

"मला नाही."

पानाचा विडा दादांच्या गालातच राहिला.

"ज्याला शंका असेल त्यानं लावावा," विमला म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला आहे का? असेल तर आत्ता सांगा. कौलही लागेल, धाकटाही येईल. मग त्याचं तुम्ही बघा. मी माहेरी जाईन, आणि मला न्यायला येऊ नका."

आत्माराम आधी दादाकडे बघत होता, मग वहिनीकडे. बायकोकडे बघायला त्याला वेळ लागला.

"नाही," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"शंका नाही, दादा. मुलगीच आणायची. आमचं आधीच ठरलेलं. मीच तिथं... माझंच चुकलं."

दादांनी चहाला थांबायला नकार दिला. आनंदीबाईंनी जाताना लाडवांचा डबा उचलला, आणि विमलाने तो खुशाल नेऊ दिला.

त्या रात्री आत्मारामला वाटलं की आता सगळं मिटलं. मिटलं नव्हतं. पुण्याला पत्र गेलं, पंधरा दिवसांनी छापील अर्ज आला, तरी विमला त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. त्याने आपल्या सुवाच्य अक्षरात अर्ज भरायला घेतला. "अर्जदाराचे नाव" ह्या ओळीवर आत्माराम. वय, नोकरी, पगार. अगदी तळाशी एक ओळ होती: "पत्नीची संमती आहे काय?"

"आहे ना?" त्याने गमतीने विचारलं.

विमलाने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. तळाच्या ओळीकडे ती वळलीच नाही. सगळ्यात वर, त्याच्या नावाच्या डोक्यावर बोटभर जागा होती, तिथे तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"अगं, असं चालतं का त्यांना?"

"नाही चाललं तर परत पाठवतील," ती म्हणाली. "परत लिहीन."