मासोळीचा दोष नव्हता

अर्जुनी मोरगावजवळच्या एका गावात देवकाबाई राहायची. नवरा कवडू तलावात जाळं टाकायचा आणि ती आठवडी बाजारात मासोळी विकायची. तीस वर्षं हेच चाललं होतं.

२०१४च्या उन्हाळ्यात तलावातलं पाणी ओसरलं, तेव्हा तिने गोंदियाहून बर्फातला बांगडा विकायला आणला. उरलेला घरी रांधला. जेवून तासही झाला नाही, तर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला. दवाखान्यात सुई टोचली तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

"मासोळीची अॅलर्जी आहे. खाऊ नका, हातही लावू नका," डॉक्टरांनी बजावलं.

देवकाबाईचं बाजारात बसणं सुटलं. कवडू एकटाच पाटी घेऊन जाई. तिच्यासमोर कसं खायचं म्हणून त्यानेही मासोळी सोडली. पाच महिने घरात नुसतं वरण आणि भाजी. शेवटी नागपूरला दिलेली लेक नूतन तिला अॅलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी सगळं ऐकून विचारलं, "बांगडा साफ करताना पोटात काही दिसलं होतं?"

"पांढरे बारीक किडे होते, गुंडाळी करून बसलेले. काढले, धुतलं, चांगलं शिजवलं. मंग काऊन झालं?"

बाईंनी तिच्या हाताला रोहूचा आणि बांगड्याचा रस लावून हलकेच टोचलं. वीस मिनिटांनीही दोन्हीकडे गांधी नाही. मग रक्त मुंबईला पाठवलं.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. "तुम्हाला माशाची नाही, त्या किड्याची अॅलर्जी आहे," बाई म्हणाल्या. "शिजून मेला तरी काहींना त्याचा त्रास होतो. पण तो समुद्रातल्या माशांत असतो. तुमच्या तलावातल्या रोहूत नसतो."

"म्हंजे मासोळीचा दोष नाही?" देवकाबाईने पुन्हा पुन्हा विचारलं.

"नाही. तरी खात्री करू. उद्या रोहू शिजवून आणा. इथं माझ्यासमोर खायचा. एकट्याने घरी नाही."

दुसऱ्या दिवशी नूतनने डबा उघडला. आधी नखाएवढा तुकडा, मग थोडा मोठा, मग आणखी मोठा. मधे मधे नर्स नाडी बघायची, घसा बघायची. देवकाबाई दर वेळी स्वतःचे हात उलटेपालटे करून पाही. दोन तास गेले. कातडी होती तशीच.

"समुद्राची मासोळी, सुकटसुद्धा, कायमची बंद," बाईंनी चिठ्ठी लिहिली. "बाकी खुशाल खा."

देवकाबाईचे डोळे भरून आले. पदराने पुसत ती लेकीला म्हणाली, "आण तो डबा. आता पोटभर खातो. मीठ कमीच टाकलंस व, बाई."

नूतन हसली आणि बापाला फोन लावला.

"काय म्हणते डाक्टरीन?" कवडूचा आवाज दबलेला होता.

देवकाबाईने फोन हिसकावून घेतला. "तलावातली चालते मले! सकाळी जाळं टाकजा. अन् पाटी मी नेतो बाजारात, तू नोको बसू. तुले भाव सांगता येत नाही."

पलीकडून कवडू किती तरी वेळ नुसता हसत राहिला.