दुप्पट इसार

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! परवा कोकणात निघायचं, अन् आज हा केजचा टूरवाला विजयसिंह फोनवर म्हणतो, "मावशी, तुमची खोली कॅन्सल झाली." कावून? तर कुण्या पुढाऱ्याच्या पोराचं लग्न हाय, समदं हॉटेल त्याच्या पाव्हण्यांनी घेतलं. आमी काय, मेंढरामागं हिंडणारी माणसं. आमाला कुणीबी हाकलावं!

मजा मारायला निघालो न्हवतो आमी. माझ्या सासूला, चतुराबाईला, समुद्र बघायचाय. एक डोळा गेलाय, दुसरा दिवाळीपत्तोर टिकला तर टिकला, असं डॉक्टर म्हणतो. तिच्यापायी एक मेंढी इकून आठ हजार इसार दिलता.

तशीच केजला त्याच्या दुकानात गेले. धनी मागनं म्हणतेत, "सबुरीनं घे." म्हणलं, तुमची सबुरी ठिवा मेंढरापाशी!

"पैसे पुढच्या वर्षीच्या बुकिंगमधी धरू की," विजयसिंह म्हणला.

"पुढच्या वर्षी? म्हातारीचा डोळा तुझ्या बापानं राखून ठिवलाय व्हय रे?"

"मावशी, कंपनीचा नियम हाय."

"नियम मला शिकवू नगं! बाजारात इसार घेऊन इकणारा फिरला, तर त्यानं दुप्पट द्यायचा. तुझा आजा आमच्याकडनं बकरे न्यायचा, त्याला इचार जा. टाक सोळा हजार!"

दारात माणसं जमली. त्याचं तोंड एवढंसं झालं. हळूच म्हणला, "मावशी, हॉटेलच्या मागं नोकरांची एक खोली हाय. परवा तिथं सोय करतो. किनारा पाच मिन्टावर."

नोकरांची! "आमी उकिरड्यावर पडलोत का? थुकते तुझ्या खोलीवर. दुप्पट टाक, न्हाईतर इथनं हलत न्हाई!"

दिले की मुकाट्यानं. लई जिरवली मेल्याची.

घरी आले तर म्हातारी पिशवी भरत बसलेली. नोटा तिच्या मांडीवर टाकल्या अन् समदं सांगितलं. खोलीचं बी सांगितलं, हसत हसत.

म्हातारीनं नोटांना हात लावला न्हाई. "म्हंजी खोली देत व्हता त्यो?"

"नोकरांची वो, आत्याबाई!"

"मला कुठं खोलीत बसायचं व्हतं, रतन? मला बघायचं व्हतं."

तवाच विजयसिंहाला फोन लावला. उचलला न्हाई. धा येळा लावला, न्हाईच उचलला. म्हातारी पिशवीतलं लुगडं काढून परत पेटीत ठिवायला लागली. माझ्या तोंडात शिव्या तर लई आल्या, पर त्या द्यायच्या कुणाला, तेच कळंना.