तिसऱ्या पेल्याची साखर

मोतीबिंदू पिकू लागला तसं आमचं सेंट-लुई शहर धुक्यात तरंगू लागलं. नदीवरचा लोखंडी पूल अर्ध्यातच विरघळायचा, दारावरून बकऱ्या ढगांसारख्या जायच्या. मला ते थोडं आवडायचंही, हे सांगताना संकोच वाटतो. पण मग पुस्तकातली अक्षरंही विरघळली, आणि माझ्यापाशी दुसरं काही नव्हतंच.

रोज दुपारी कडुलिंबाखाली बिराहीम शेगडीवर चहा उकळायचा आणि मी त्याला वाचून दाखवायचो. तो म्हातारा कोळी, अक्षरओळख नसलेला. मी निवृत्त मास्तर. एका भरकटलेल्या जहाजाची गोष्ट अर्ध्यावर आली होती. आता मी मनातलंच बोलायचो, आणि त्याला कळू नये म्हणून अधूनमधून पान उलटायचो.

साखर जास्त म्हणून शस्त्रक्रिया दोनदा पुढे गेली. तिसऱ्यांदा नर्स सुकेना जोप हिनं माझं बोट टोचलं. जोप आणि न्जाय या आडनावांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, ही आमच्याकडची जुनी मुभा. मी न्जाय.

"काय न्जायबाबा, पुन्हा भाताचं पातेलं चाटलंत?"

"भात निम्मा केलाय गं. घरात साखर ठेवतच नाही."

"मग रक्तात काय आभाळातून पडली? डोळ्यातलं भिंग वयानं गढूळ होतंच, साखर ते आणखी लवकर करते. आणि एवढी साखर असताना डॉक्टर डोळ्याला हात लावायचे नाहीत. जखम चिघळली तर? दुपारी काय घेता?"

"काही नाही. चहा."

"किती?"

"तीन पेले. असतात तेवढेच."

ती हसायची थांबली.

पहिला पेला कडू, दुसरा गोड, तिसरा पाकासारखा. सत्तर वर्षांत तो चहा मी खाण्यापिण्यात धरलाच नव्हता. ती मैत्री होती. आणि तिसरा न घेता उठणं म्हणजे यजमानाचा अपमान.

दुपारी मी कसाबसा म्हणालो, "बिराहीम, तिसरा नको."

त्यानं किटली खाली ठेवली. "माझ्या हातचा नको?"

"डोळ्यांसाठी रे. साखर उतरली तरच डॉक्टर शस्त्रक्रिया करतील. तीन महिने मी वाचतच नाहीये. मनातलं सांगतोय."

पेल्यातला फेस हळूहळू बसला.

"जहाजाच्या डेकवर आंब्याचं झाड उगवलं, तेव्हाच कळलं मला, मास्तर."

"मग बोलला का नाहीस?"

"आंबे पिकायचे होते ना!"

तिसरा पेला त्यानं कडुलिंबाच्या मुळाशी ओतला. दुसऱ्या दिवसापासून तिन्ही पेले कडू. तोही तेच प्यायचा, तोंड वाकडं करून, मला शिव्या घालत.

दोन महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली आणि सुकेनानं पट्टी सोडली. दुपारी झाडाखाली बसलो, तर कडुलिंबाचं एकेक पान वेगळं दिसलं. मी पुस्तक उघडून खरं पान वाचलं. जहाज सुखरूप बंदराला लागलं होतं, मालाची मोजदाद चालली होती.

बिराहीमनं थोडा वेळ ऐकलं.

"मिट ते," तो म्हणाला. "आंब्यांचं पुढे काय झालं?"